बुटांखालचा ट्रे

मित्रांनो, मी ओव्हनचा ट्रे आहे आणि माझ्याजवळ ओव्हन नाही. तुम्ही म्हणाल, मग तू ट्रे कसला? हाच प्रश्न मीही स्वतःला विचारत असतो. सध्या माझा मुक्काम दाराशी आहे. माझ्यावर बूट ठेवतात. बूट ओले असले की माझ्यात चिखलाचं तळं होतं आणि सुकले की माती उरते. ज्याने अर्धं आयुष्य खमंग वासात काढलं, त्याच्या वाट्याला मोजे आले. खुशाल हसा, मला राग नाही. सुरुवातीला मीही हसून बघितलं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. एका धिप्पाड यंत्राने पत्र्यावर धाडकन दाब दिला आणि मला कडा आल्या, गोल कोपरे आले, मागून माझ्यासारखेच कितीतरी भाऊ आले. मग आम्हाला काळा मुलामा चढवला आणि भट्टीत घातलं. त्यामुळे आगीचं आम्हाला भय नाही. उलट ओव्हनमध्ये गेलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. गार राहणं मात्र आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

दुकानातून मला आणि ओव्हनला एक नवं जोडपं घरी घेऊन आलं. पुढे ते आई आणि बाबा झाले, पण तेव्हा ते नुसते 'अगं' आणि 'अरे' होते. बाबा छापखान्यात कामाला होते. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. घरात अजून खुर्च्यासुद्धा आल्या नव्हत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्यावर बिस्किटं मांडली आणि दोघं ओव्हनच्या काचेसमोर फरशीवर फतकल मारून बसली.

"अगं, फुगतंय बघ ते कोपऱ्यातलं."

"तू इतकं नाक लावून बसलास तर ते लाजून खाली बसेल."

बोलता बोलता बिस्किटं जळली. खालून पार कोळसा झाला. तरी दोघांनी ती माझ्यावरूनच उचलून खाल्ली, बोटं भाजली म्हणून फुंकर मारत, आणि कोणाचं जास्त काळं आहे यावर भांडत. मित्रांनो, माझी त्या दिवसाएवढी तारीफ पुन्हा कधी झाली नाही. आई म्हणाली होती, "ट्रे मात्र चांगला आहे हं, एक बिस्किट चिकटलं नाही." बिस्किटांचं श्रेय कोणाला नव्हतं, पण माझं मला मिळालं.

मग दादा झाला, मग मुंगी झाली. मुंगी हे तिचं खरं नाव नाही, पण गोडाचा डबा कुठेही लपवा, ती तिथे पोहोचायचीच, म्हणून मुंगी. तेव्हा मी दर आठवड्याला कामावर असायचो. केक झाले, भाजलेले बटाटे झाले, दादाच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी मातीचा ज्वालामुखीसुद्धा माझ्यावर वाळवला गेला. तोही नीट झाला नाही, पण हसले सगळे.

नंतर छापखान्याची पाळी बदलली. बाबा जेवायला उशिरा येऊ लागले. चष्म्याचं दुकान मोठं झालं आणि आईची सुटायची वेळ पुढे सरकली. भांडणं झाली का? झाली, पण थोडी. भांडायलाही दोघं एका वेळी घरी असावी लागतात. आणि मग या घरात झाकणं आली.

जो नसेल त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचं, हा घराचा नियमच झाला. लहान झाकण वाटीला, मोठं ताटाला, त्याहून मोठं पातेल्याला. कोणी दारातून आत आलं की "आलास?" असं कोणी विचारेना. "झाकून ठेवलंय" एवढंच ऐकू यायचं. ज्याची वेळ होईल त्याने झाकण उचलायचं, एकट्याने खायचं, ताट धुऊन टाकायचं. यात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. उपाशी कोणी राहिलं नाही. पण इतकी झाकणं झाली की ठेवायला जागा पुरेना, तेव्हा ती ओव्हनमध्ये कोंबली. आता सांगा, ओव्हनचं कपाट झाल्यावर ट्रेने काय करायचं? मी झाकणांच्या ढिगाखाली अंधारात पडून राहिलो.

तिथेच मी ते ऐकलं. दोघंही त्या दिवशी दुपारी घरी होती आणि स्वयंपाकघरात हळू बोलत होती. आवाज चढले असते तर मला बरं वाटलं असतं.

"खोली बघितली मी. छापखान्याजवळ आहे."

"मुलांना कधी सांगायचं?"

"सगळे एकत्र असतील तेव्हा सांगू."

"कधी असतो आपण एकत्र?"

दाराबाहेर चपलेचा आवाज झाला. ती मुंगी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने ओव्हन उघडला आणि सगळी झाकणं जमिनीवर ओतली. एवढा खणखणाट झाला की दादा धावत आला.

"काय करतेयस? घर पाडतेस का?"

"फ्राइज. रताळ्याचे. ओव्हनमधले."

"तुला साधं ऑम्लेट उलटता येत नाही."

"बाबांना कुरकुरीत आवडतं. आईला गोड आवडतं. रताळ्याचे फ्राइज कुरकुरीत पण असतात आणि गोड पण. कळलं? म्हणजे दोघं एकाच वेळी येऊन बसतील. फ्राइज गरम असतानाच खायचे असतात, त्यामुळे यावंच लागेल. आणि एकदा बसले की त्यांना आठवेल."

"काय आठवेल?"

"बसायचं कसं ते."

दादा खाली वाकून झाकणं गोळा करायला लागला. त्यालाही खोलीचं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मग त्याने साल काढायचं सोलाणं शोधून दिलं.

मित्रांनो, पहिल्या वेळची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मुंगीने होती तेवढी सगळी रताळी कापली, काही करंगळीएवढी, काही अंगठ्याएवढी. धुतली ती तशीच ओली माझ्यावर टाकली, वर तेलाची आंघोळ घातली आणि मीठही आधीच शिंपडलं. माझ्यावर गर्दी झाली. एकावर एक, खांद्याला खांदा. रताळ्यात मुळातच पाणी फार. ते वाफ होऊन बाहेर पडायला जागा हवी, नाहीतर भाजायच्या ऐवजी सगळं उकडतं. हे मला चांगलं माहीत होतं, पण ट्रेचं कोण ऐकतं? त्यातून ती सारखी दार उघडून बघायची आणि आतली ऊब पळून जायची. बाहेर काढलं तेव्हा दादाने एक काप टोकाला धरून उचलला. तो मधोमध वाकून खाली लोंबला.

"मुंगे, हे फ्राइज आहेत की बुटाच्या नाड्या?"

"दे इकडे."

"थांब, मी माझ्या बुटाला लावून बघतो."

मुंगी रडली नाही. पुढच्या वेळी तिने सगळे काप एकसारखे कापले. गार पाण्यात भिजत घातले, मग पंच्यावर पसरून एकेक काप इतका कोरडा केला की दादा म्हणाला, आता त्याला पावडर लाव. तिने खरंच लावली, म्हणजे कॉर्नफ्लोअर, अगदी धुरळ्याएवढं. वर चमचाभर तेल. मीठ मागे ठेवलं, कारण मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. सगळं बरोबर केलं पोरीने. आणि मग पुन्हा सगळे काप एकदम माझ्यावर भरले.

"दोनदा भाज ना," दादा म्हणाला. "अर्धे आधी, अर्धे नंतर."

"नाही. मग आधीचे आधी कोणीतरी खाणार, नंतरचे नंतर कोणीतरी. सगळ्यांना एकदमच मिळाले पाहिजेत."

बघा, चूक होती ती अशी. जगात दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. सगळ्यांना एकदम बसवायचं म्हणून तिने सगळे काप एकदम बसवले, आणि पुन्हा नाड्या झाल्या. शेवटी दादानेच वाट काढली.

"कमीच कर. चौघांना मिळून एकच ट्रे. मोकळे मोकळे ठेव. कमी पडले तर पडू दे, ओढाओढी करून खाऊ."

'ओढाओढी' हा शब्द ऐकून मुंगीचा चेहरा असा उजळला की मला आपण आत्ताच तापलो असं वाटलं.

रविवार आला. दोघंही घरी होती. मुंगीने मला घासून लख्ख केलं आणि माझ्यावर काप मांडले, एकमेकांना न खेटता शांत बसलेल्या मुलांसारखे, मध्ये नीट अंतर सोडून. ओव्हन आधीच चांगला तापवला होता. मध्येच एकदा तिने प्रत्येक काप उलटला, एकही चुकवला नाही. मित्रांनो, मी खूप काही भाजलं आहे, पण तसे फ्राइज कधी नाही. कडा गडद तांबूस झाल्या, अंगावर बारीक फोड आले, आणि मुंगीने मला बाहेर काढून जरा हलवलं तर ते खडखड वाजले. दादा थट्टा करायचंच विसरला. ताटलीत काढले तर गार होतील, म्हणून तिने मलाच जाड फडक्यावर टेबलावर ठेवलं आणि वरून मीठ भुरभुरवलं. चार खुर्च्या ओढल्या.

"आई, बाबा, झालंय. या."

बाबा गॅलरीत फोनवर होते. त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. आतून आईचा आवाज आला, "इस्त्री गरम आहे गं, एवढा एक कुर्ता. तुम्ही सुरू करा."

दादाने हात पुढे केला.

"नाही," मुंगी म्हणाली. "सगळे आल्यावर."

"अगं, गार होतायत."

"सगळे आल्यावर."

बाबांचं बोलणं लांबलं. खोलीची किल्ली कोणाकडून घ्यायची, असं काहीतरी चाललं होतं. आईचा एक कुर्ता संपून दुसरा सुरू झाला. मी माझ्या अंगची ऊब जितकी धरून ठेवता येईल तितकी धरली. पण पत्रा तो पत्रा. मुंगीने माझ्या कडेला बोट लावून बघितलं. मग तिने तेच केलं जे ती इतकी वर्षं या घरात बघत आली होती. ती सर्वांत मोठं झाकण घेऊन आली. ते पुरेना, म्हणून अजून एक आणलं.

मला ओरडावंसं वाटलं. झाकू नकोस गं, काहीही कर, पण झाकू नकोस. आत अंधार झाला. काप अजून गरम होते, त्यांच्यातली वाफ निघाली, झाकणाला जाऊन लागली, तिचे थेंब झाले आणि थेंब पुन्हा त्यांच्यावरच पडले. माझ्या डोळ्यांसमोर ते एकेक करून मऊ पडले. भांडण नाही, आवाज नाही.

मग दोघं आली. खरंच आली, आणि एकाच वेळी. चारही खुर्च्या भरल्या. मुंगीने झाकणं उचलली. बाबांनी एक काप तोंडात टाकला. मी कान लावून बसलो होतो. कुर्र असा आवाज झाला नाही.

"छान झालेत हं," बाबा म्हणाले.

"मस्तच. गोड आहेत," आई म्हणाली.

मित्रांनो, जळक्या बिस्किटांवरून हसत भांडणारी हीच दोघं मी पाहिली आहेत. त्या दिवशी कोणी म्हटलं असतं की कसले हे, चामड्यासारखे झालेत, तर मी आनंदाने टेबलावरून खाली पडलो असतो. पण दोघंही फार सभ्यपणे चावत होती, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी. मुंगी एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होती.

आईने पदराला हात पुसावे तसे कुर्त्याला पुसले. बाबांनी खुर्ची जरा पुढे घेतली.

"बरं झालं, सगळे एकत्र बसलोय," ते म्हणाले. "आम्हाला तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं."

पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला कळलं असेल. दादा माझ्यातल्या एका तेलाच्या डागाकडे बघत राहिला. मुंगीने एवढंच विचारलं, "आज मी बोलावलं नसतं तर?" तिने इतक्या खटपटीने जे टेबल भरवलं, त्याच टेबलावर घर मोडल्याचं जाहीर झालं.

माझ्यावर उरलेले काप तसेच वाळले. आईने मला पाणी घालून सिंकमध्ये भिजत ठेवलं. भिजतोय तोवर एक दिवस टेम्पो आला. टेबल आईचं, कपाट बाबांचं, ओव्हन बाबांचा, असं ठरलं होतं. माणसांनी ओव्हन उचलून नेला आणि मी खरकट्या भांड्यांखाली राहिलो. आमचा निरोपसुद्धा झाला नाही. नंतर फोनवर बाबा म्हणाले, "ट्रे तिकडेच राहिला वाटतं." आई म्हणाली, "घेऊन जा कधीतरी." ते कधीतरी अजून आलेलं नाही. आठवड्याच्या शेवटी मुलं तिकडे जातात. तिकडच्या ओव्हनमध्ये आता बाबा कागद ठेवतात, असं दादा सांगत होता.

मी गंजलो. आधी एका कोपऱ्याला मुलामा उडाला, मग खाली डाग पडला, मग मला दाराशी आणलं.

काल आई कामावरून आली. बूट काढून तिने माझ्यावर ठेवले. आतून मुंगीचा आवाज आला.

"आई, रताळी उकडून ठेवलीत."

"फ्राइज नाही केलेस?"

"नाही. उकडलेली बरी. कधी खाल्ली तरी चालतात. तू तुझं आवरून मग खा. दादाची पण ठेवलीत."

आईने पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "किती शहाणी झालीस गं." आणि कपडे बदलायला आत गेली. स्वयंपाकघरात झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

मित्रांनो, माझ्यासारखे ट्रे शेवटी सांगतात की आम्हाला घासा, पुसा, फेकू नका. मी तसलं काही मागत नाही. माझं जे व्हायचं ते झालं आहे, आणि गंज घासून जात नाही. तुमच्या घरात कोणी "झालंय, या" अशी हाक मारली, तर हातातलं आहे तिथे ठेवा आणि उठा. इस्त्री बंद करता येते, फोन नंतर करता येतो. आणि एखादं पोर हाक मारायचं सोडून, थांबून राहणारं काहीतरी करायला शिकलं, तर कृपा करून त्याला शहाणं म्हणू नका.