गुणाचं बाळ

"चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत परकं पाऊल पडत नाही," कासिमिरा आजी दार अडवून म्हणाली. "आणि तू तर नदीवरनं, उन्हातनं आलीस."

एर्मिनिया नर्सबाई वाद न घालता उंबऱ्याबाहेरच टेकली. आजीने शिष्टाचार म्हणून थंड पाण्यात भिजवलेल्या पानांच्या तेरेरेचा पेला पुढे केला, तो तिने घेतला. होडीतल्या पाच तासांत काकुपेच्या देवमाउलीची जपमाळ एकदाही पुरी झाली नव्हती. ओठांवर नाव आणि डोक्यात आकडा. सव्वीस. बाळ आज सव्वीस दिवसांचं होतं. जन्मानंतर एर्मिनियाच्या गावच्या इस्पितळात त्याच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा कागद राजधानीहून तिच्या हाती काल पडला होता.

तिने बाळाची चौकशी केली, तशी आजी खुलली.

"गुणाचं बाळ गं. रडणं कसं ते ठाऊक नाही. दूध पाजायला हलवून उठवावं लागतं."

एर्मिनियाने पेला खाली ठेवला. अंग अजून पिवळं आहे का, बेंबी फुगलीय का, हातपाय गार लागतात का, असं तिने एकेक विचारलं. आजीचं हसू मावळलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्या टाचेच्या रक्तानं. गळ्यात एक ग्रंथी असते, आजी. तिचा रस रक्तात उतरतो आणि अंगभर निरोप देत फिरतो. हाडांना म्हणतो वाढा, मेंदूला म्हणतो जागा हो. पोटात होतं तोवर आईच्या रसावर थोडंफार निभलं. याची स्वतःची ग्रंथी कामच करत नाही. बाळ शांत नाही. त्याला कुणी जागंच केलेलं नाही."

"नऊ पोरं वाढवली मी," आजी फणकारली. "रडलं तर औषध ऐकलं होतं. आता रडत नाही म्हणूनही औषध? उद्या हसतं म्हणून सुई टोचाल."

तेवढ्यात आतून सुनिल्दाचा, बाळंतिणीचा, बारीक आवाज आला.

"सासूबाई, येऊ द्या त्यांना. मी रात्रंदिवस त्याच्या नाकाशी बोट धरून बसते. मला भीती वाटते."

आजीने परसातून सतापीची फांदी तोडून आणली, दृष्ट काढावी तशी नर्सबाईवरून तीनदा उतरवली आणि ती दारातून बाजूला झाली.

बाळाची जीभ ओठांबाहेर डोकावत होती. एर्मिनियाने चमच्यात गोळी चुरडली, आईच्या दुधाचे थेंब घातले आणि त्याच्या गालात सोडले. बराच वेळ दूध तसंच राहिलं. मग घोट उतरला.

"रोज सकाळी. जन्मभर. एकही दिवस खाडा नको."

"नवसासारखं," सुनिल्दा म्हणाली.

"नवस चुकला तर देव माफ करतो, पोरी. हे चुकवू नकोस."

"उशीर झालाय का?"

एर्मिनियाला खोटं बोलता आलं नाही. बऱ्याच बाळांचं निभावतं, तिने सांगितलं. या बाळाचं आजच कळणार नाही. दर पंधरवड्याला रक्त तपासत राहायचं.

आजी केव्हा बाहेर गेली ते दोघींना कळलं नाही. परतली तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती, बुटकी, सुजऱ्या चेहऱ्याची. अंगावरून दोन वर्षांची वाटावी.

"ही पेर्ला, सुनिल्दाची थोरली. घरीच झाली, टाच कुणी टोचली नाही. सात वर्षांची आहे," आजी म्हणाली. "हीसुद्धा रडायची नाही. आम्ही देवाचे आभार मानले."

सुनिल्दाने बाळ छातीशी घट्ट धरलं.

"त्या गोळीनं हिचं काय होईल?" आजीने विचारलं.

"आधी रक्त तपासावं लागेल. तसंच निघालं तर अंगात ऊब येईल, थोडी उंच होईल." एर्मिनियाने पेर्लाच्या कपाळावरून हात फिरवला. "पण डोक्याचं जे राहून गेलं, ते भरून येत नाही, आजी."

आजीने मान हलवली. खाली बसून तिने पेर्लाला मांडीवर घेतलं, तिची मूठ उलगडली आणि एक बोट पुढे केलं.

"घे."

सुई टोचली. एर्मिनियाने जाड कागदावर थेंब टिपले, नाव लिहिलं, पिशवी बांधली आणि बोटाला कापूस लावला. रक्त केव्हाच थांबलं होतं. तरी आजीने ते बोट सोडलं नाही.