शेजारचं झाड

गुणवंतानं बॉल उचलला, युरियाच्या रिकाम्या पोत्यात टाकला, पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं आणि ते ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भिरकावलं. मैदानात बूट घालून उभे असलेले अकराही जण पोतं गेलं त्या दिशेला पाहत राहिले.

"काकाजी, बॉल?" अनिलनं विचारलं. तो संघातला सगळ्यात वेगानं पळणारा गडी, आणि बोलण्यातही मागे नसे.

"बॉल तीन हप्ते भेटनार नाही," गुणवंता म्हणाला आणि खांद्यावरची दोरी सोडू लागला. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. सोबत घमेलंभर फक्की, रेघा मारायची चुन्याची पूड, होती.

कप्तान श्रीधर प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्यानं डोळे मिटून घेतले, कारण ही चूक त्याची होती. सौंसरच्या या क्लबात मॅनेजर म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे तो माणूस. आधीचे मॅनेजर कापडाचे व्यापारी. त्यांची मेटॅडोर होती, म्हणून ते मॅनेजर. ते नागपूरला राहायला गेले आणि क्लबला सामन्यांना जायला वाहन उरलं नाही. श्रीधर मोहगावच्या रस्त्यावर संत्र्याचा बगीचा असलेल्या गुणवंताकडे गेला आणि म्हणाला, काकाजी, मॅनेजर व्हा. त्याला ट्रॅक्टर हवा होता. गुणवंतानं दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. हा माणूस मॅनेजरकी खरंच करायला घेईल, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

गुणवंताला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं आयुष्यात एकच सामना पाहिला होता, गेल्या रविवारचा. लोधीखेड्याला चार गोल खाऊन सगळे ट्रॉलीत माना खाली घालून बसले होते आणि परतीच्या वाटेवर तो एक शब्दही बोलला नव्हता. आज बोलला.

"गुरुजी, मीनं रविवारी पाह्यलं. जिथं बॉल तिथं तुम्ही दहाच्या दहा. एका खड्ड्यात दहा कलमा लावल्या तं फळ धरन का?" त्यानं दोरीचं टोक उत्तमच्या हाती दिलं. उत्तम गोलकीपर होता आणि त्याला तसंही कुठं पळायचं नव्हतं. "झाडाले झाडापासून अठरा फूट लागते. मानसाले जास्त लागन. आपन आखू."

त्यानं खरोखरच आखणी केली. नवा बगीचा आखावा तशी दोरी ताणून, गाठी मोजून, फक्कीचे दहा मोठे चौकोन पाडले आणि प्रत्येकात एकेक माणूस उभा केला. मग स्वतः मधोमध उभा राहून बॉल कुठे आहे ते तो ओरडून सांगू लागला. बॉल कुंपणाकडे. बॉल कडेच्या चौकोनातल्या तुळशीरामकडे. ज्याच्या चौकोनात बॉल आला असेल त्यानं हवेत लाथ मारायची. बाकीच्यांनी तोंड तिकडे वळवायचं, पण रेघ ओलांडायची नाही.

पहिल्याच आरोळीला चौघे जण कुंपणाकडे धावले. तिथे बॉल नव्हता हे माहीत असूनही धावले. श्रीधर त्यांच्यात सगळ्यात पुढे होता.

गुणवंता रागावला नाही. तो श्रीधरजवळ चालत आला.

"शेजारच्या झाडाले पानी सोडलं तं हे झाड उठून तिकडं पयत जाते का, गुरुजी?"

श्रीधर कान लाल करून आपल्या चौकोनात परतला.

त्या वर्षी क्लबची अवस्था वाईट होती. आपल्या देशानं क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला होता आणि सौंसरमधली झाडून सगळी तरुण पोरं बॅटी घेऊन फिरत होती. मैदानाला लागून क्लबची एक खोली होती. क्रिकेटवाल्यांना ती हवी होती आणि मैदानही हवं होतं. दसऱ्याच्या बैठकीत अध्यक्ष बापूजींनी सरळ सांगितलं की पांढुर्ण्याच्या जानेवारीतल्या स्पर्धेत आपण सहा वर्षं जातो आणि सहाही वर्षं पहिल्याच दिवशी हरून रात्रीच्या जेवणाला घरी असतो. यंदाही तसंच झालं तर खोलीची किल्ली क्रिकेटवाल्यांना द्यायची. श्रीधरनं ही एक शेवटची संधी मागून घेतली होती आणि शब्द दिला होता की हरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता किल्ली मी स्वतः आणून देईन. तो विसाव्या वर्षी या क्लबात आला, आता चौतिसावं चालू होतं. लग्न, नोकरी, वडिलांचं जाणं, सगळं या मैदानाच्या आसपास झालं. ती किल्ली हातून गेली तर संध्याकाळी पाच वाजता आपण कुठे जायचं, हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

आणि अशा वेळी हा माणूस त्यांना बॉलशिवाय खेळवत होता.

गावाला करमणूक झाली. अकरा दणकट माणसं रोज संध्याकाळी हवेत लाथा मारतात, हे पाहायला लोक चहा सोडून येऊ लागले. क्रिकेटच्या पोरांनी एकदा आपला लाल चेंडू पुढे केला, म्हणाले, तुमचा फाटला असेल तर हा घ्या. अनिल चिडून दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, कारण त्याचा चौकोन रिकामा ठेवून गुणवंता रोज तिथेही आवाज देत होता, "बॉल अनिलकडं," आणि कोणीच लाथ मारत नव्हतं. तो कामाला होता त्या कापसाच्या जिनिंगमध्ये हे त्याच्या कानावर गेलं आणि त्याला ते सहन झालं नाही. श्रीधरची बायको छाया गिरणीवर दळण घेऊन गेली तर तिथेही हाच विषय. तिनं घरी येऊन विचारलं, खरं आहे का हो. श्रीधर म्हणाला, खरं आहे. ती आधी हसली, मग त्याचा चेहरा पाहून तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

सगळ्यात जास्त चुकायचा तो श्रीधरच. चौदा वर्षं तो मैदानभर पळत आला होता. कोणाच्या हातून काही निसटेल या भीतीनं तो प्रत्येकाचं काम करायला धावायचा आणि याला तो कप्तानपणा समजत होता. आता चौकोनात उभं राहताना त्याचा एक पाय सारखा रेघेबाहेर पडे. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो सायकल काढून मोहगावच्या रस्त्याला लागला. गुणवंताला सांगायचं होतं की काकाजी, तुम्ही फक्त ट्रॅक्टर द्या, बाकी राहू द्या.

बगीच्यात संत्र्यांची तोड चालू होती. गुणवंताची बायको देवकाबाई झाडाखाली बसून संत्री निवडत होत्या. लहान एकीकडे, मोठी एकीकडे. त्यांनी मास्तरांच्या हातात दोन मोठी संत्री ठेवली. गुणवंता त्याला बगीच्याच्या टोकाला घेऊन गेला. तिथे दोन झाडांच्या मधोमध, जमिनीबरोबर कापलेला एकेक जुना बुंधा होता. ओळीच्या ओळी तशा होत्या.

"हे बाबांनं लावलं होतं," गुणवंता म्हणाला. "जास्त झाडं, जास्त फळ, असा त्याहीचा हिशोब. सहा वर्षं बगीचा हिरवागार अन् संत्रं एक नाही. मंग मीनं एकाआड एक झाड तोडलं. पंचवीस वर्षाचा होतो. बाबा वर्षभर माह्याशी बोलले नाही. गाव म्हने, पोरगं येडं झालं."

"मग?"

"मंग काय. तिसऱ्या वर्षी फळाच्या वजनानं फांद्यांले बांबू लावा लागले." त्यानं वाकून एका बुंध्यावरचा पाला हातानं साफ केला. "पन गुरुजी, तोडतानी मले बी भेव वाटे. रोज वाटे. भेव वाटलं म्हनून कुऱ्हाड नाही ठेवली."

श्रीधर जे सांगायला आला होता ते त्यानं सांगितलं नाही. सायकलवरून परत जाताना त्यानं एक संत्रं सोलून खाल्लं, ते फार गोड होतं.

सामन्याच्या तीन दिवस आधी गुणवंतानं पोतं उघडलं. बॉल मैदानात पडला आणि सगळे आपापल्या जागी उभे राहिले. तुळशीरामनं तो अनिलकडे मारला, अनिलनं श्रीधरकडे. कोणी कोणाच्या अंगावर आदळलं नाही. उत्तम गोलातून म्हणाला की मला पहिल्यांदाच समोरचं सगळं दिसून राहिलं. त्या दिवशी गुणवंतानं फक्की मारली नाही.

पांढुर्ण्याला निघताना ट्रॉलीत कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर होता आणि त्यावर गोधड्यांची चळत. एवढ्या गोधड्या कशाला, म्हणून अनिलनं विचारलं, तर गुणवंता म्हणाला, रस्ता खराब आहे. कोपऱ्यात देवकाबाईंनी दिलेली मोठी टोपली होती, वरून लुगड्यानं झाकलेली. वाटेत जामसांवलीला मारुतीपुढे सगळ्यांनी हात जोडले. तिथला मारुती आडवा पहुडलेला. तो आणि आपला गोलकीपर सारखेच, हा विनोद दर वर्षी व्हायचा. यंदा तो कोणी केला नाही. श्रीधरच्या खिशात किल्ली होती. उद्या सकाळी दहाला बापूजींच्या दारात उभं राहायचं असेल तर ती जवळच असलेली बरी, असं त्याला वाटलं होतं.

समोर आमल्याहून आलेला संघ होता, गेल्या वर्षी अंतिम सामना खेळलेला. पहिली दहा मिनिटं पांढुर्ण्याचे लोक सौंसरवाल्यांना हसले. हे लोक पळतच नाहीत, नुसते उभे राहतात, असं कोणी तरी माइकवरही बोललं. मग हळूहळू हसू कमी झालं. आमल्याची पोरं जिकडे जातील तिकडे एक सौंसरवाला आधीच उभा असे. मध्यंतराला गोल एकही नव्हता. गुणवंतानं संत्र्याच्या फोडी वाटल्या आणि एवढंच म्हणाला, "जागा सोडू नका."

शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. तुळशीरामच्या बाजूनं आमल्याचा उंच पोरगा बॉल घेऊन आला. तुळशीराम दमला होता, एक पाय ओढत होता. तो चुकणार हे श्रीधरला दहा पावलांवरून दिसलं. चौदा वर्षांची सवय त्याच्या पायांत उसळली. आपण गेलो नाही तर गोल होईल, गोल झाला तर किल्ली जाईल, आणि आपण इथे उभे होतो असं सगळे म्हणतील. त्यानं खाली पाहिलं. इथे फक्कीची रेघ नव्हती, नुसती माती होती. तो जागचा हलला नाही. ते सोपं नव्हतं. त्याला त्या क्षणी गुणवंताचा मनापासून राग आला.

तुळशीराम चुकला. उंच पोरानं बॉल गोलासमोरून आडवा मारला, तो अडवायला उत्तम झेपावला आणि पडला. बॉल त्याच्या हातांवरून सुटून घरंगळत श्रीधरच्या पायाशी आला. तिथे दुसरं कोणीच नव्हतं. श्रीधर पळत गेला असता तर तिथे तोही नसता. त्यानं बॉल असा मारला की तो कुंपणापलीकडच्या तुरीत जाऊन पडला, आणि तो शोधून आणेपर्यंत वेळ संपत आली.

शिटी झाली तेव्हा शून्य-शून्य होतं. सौंसरच्या गड्यांनी बूट काढले, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवले आणि सवयीप्रमाणे ट्रॉलीकडे निघाले. अनिल तर चढूनही बसला.

"कुठं चालले?" गुणवंतानं विचारलं.

तेवढ्यात माइकवर सांगितलं गेलं की सामना बरोबरीत सुटला आहे, हेच दोन संघ उद्या सकाळी नऊ वाजता पुन्हा खेळतील, सौंसरच्या संघानं मुक्कामाला शाळेच्या खोलीत जावं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. सहा वर्षांत त्यांना पांढुर्ण्यात मुक्काम कोणी सांगितला नव्हता. श्रीधरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

शाळेच्या खोलीत गोधड्या अंथरल्या. सगळ्यांना पुरल्या. देवकाबाईंच्या टोपलीतून दशम्यांचं गाठोडं निघालं, तिळाची चटणी निघाली. उत्तमनं टोपलीत आणखी हात घातला, तर तळाशी तेवढंच दुसरं गाठोडं होतं.

"त्याले हात नको लावू," गुणवंता म्हणाला. "ते उद्याचं व्हय."

श्रीधर हातातला घास तसाच धरून थांबला.

"काकाजी, हे दुसरं कधी बांधलं?"

"कालच. पोराईची माय म्हने, एवढं कायले. मीनं म्हटलं, बांध."

"आणि हरलो असतो तर?"

गुणवंतानं दशमीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली.

"तं गुपचूप घरी नेलं असतं. कोनाले दिसलं नसतं."

जेवणं झाली. श्रीधर आडवा झाला तर खिशातली किल्ली कमरेला टोचू लागली. उद्या दहा वाजता आपण बापूजींच्या दारात नाही, मैदानात असणार, हे त्याच्या लक्षात आलं. तो उठला, टोपलीपाशी गेला आणि त्यानं उद्याच्या गाठोड्याची गाठ थोडी सैल केली. मग किल्ली तिच्यात अडकवली आणि गाठ पुन्हा नीट आवळली.