दीड वितीची पायरी

"आजी, तुझं जुनं हाड कुठे गेलं गं?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. गेल्या वर्षीची चिहारू असती तर लाजून मेली असती. पण या वसंतात ती शाळेच्या बँडची प्रमुख झाली होती आणि आता कुणालाही काहीही विचारायची.

खुब्याचा सांधा बदललेली तोमेआजी इस्पितळाच्या व्यायामखोलीत, धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मधोमध थांबली. "मागून घ्यायचं राहिलंच बघ. आजोबांच्या अस्थींशेजारी ठेवलं असतं. आणि हे नवं तर जळतही नाही म्हणे. मला जाळल्यावर आपल्या रीतीने चॉपस्टिक्सनी हाडं वेचताना तुझा बाप ते धरून बघत बसेल, हा कुठला अवयव म्हणून."

फिजिओथेरपिस्ट कुरिहारा हसला. "वेचायची घाई नको, आजी. आधी पायरी."

पायरी म्हणजे फळ्यांची चळत. घरात शिरताना जोडे काढून वर चढावं लागतं, तो चढ त्याने घरी येऊन टेपने मोजला होता आणि इथे नेमका तेवढाच रचला होता. दीड वीत. आठवड्याला एक फळी, असं करत आजी इथवर आली होती.

"चढताना चांगला पाय आधी," आजीने स्वतःलाच बजावलं. कठडा धरला, ओठ आवळले. दुखरा पाय मागून आला, लटपटला, टेकला.

"बघितलंस? आता घरी गेले की पहिलं काम, देव्हाऱ्यातली फुलं बदलायची. तुझ्या आईने वाळवून ठेवली असणार."

चिहारूने टाळ्या वाजवल्या, पण तिला आजीकडे बघवेना. रविवारीच आईबाबांनी वृद्धाश्रमाचा अर्ज भरला होता. तिथे सगळं सपाट, पायरी एकही नाही. "एवढ्यात सांगू नकोस," आई म्हणाली होती, "व्यायामातला हुरूप जाईल त्यांचा."

"अजून एकदा," आजी म्हणाली.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणते आजी?"

"चढली. अकरा वेळा."

"वा." बाबा भाताच्या वाडग्यात बघत राहिले.

"दिवसभर घरात कुणी नसतं, चिहारू," आई हळूच म्हणाली. "पुन्हा न्हाणीघरात पडल्या तर?"

"माहीत आहे मला. त्यावर मी भांडत नाहीये." तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "पण घरी यायचंय म्हणून ती चढतेय. उद्या शाळा सुटली की मी जाणार आणि तिला सगळं सांगणार. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी सांगणार."