यमुनाबाईंच्या पापण्या

डोळ्यांना पट्टी बांधली की माणसाला ऐकूही येत नाही, असं आमच्या आळीला कुणी सांगितलं कोण जाणे. आठ दिवस मी माजघरात दोन्ही डोळे बांधून पडले होते आणि जो येई तो माझ्या उशाशी बसून माझ्याबद्दलच बोले. “देखणी होती हो यमुना. आता काय उरलंय!” अगं, पापण्या कापल्यात माझ्या, मान नव्हे!

खुपऱ्यांच्या जुन्या दुखण्याने माझ्या पापण्या आत वळल्या होत्या. केस बुबुळांना टोचत, सारखं पाणी गळे, समोरचं माणूस नुसतं पुसट दिसे. सहा वर्षं माझी लेक विमला दर चार दिवसांनी मला दारात उजेडाला बसवून चिमट्याने ते केस उपटत होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, “मी गेले तर तुझे केस कोण काढील? मी नाय जायची.” सतरावं संपत आलेली पोर माझ्यापायी अडून बसावी, हे मला सोसेना. म्हणून जीव मुठीत धरून सिव्हिल सर्जनकडून पापण्या कापून घेतल्या. पट्टी सुटली की देवरुखची, नवऱ्यामुलाकडची मंडळी लग्नाची तारीख धरायला येणार होती.

सर्जनने बजावलं होतं, धूर नको, रडणं नको, पट्टीला हात नको. टाके सुटले तर केस पुन्हा आत. पहिल्याच दिवशी नणंद दमयंती मदतीला आली आणि ओली लाकडं चुलीत घालून फुंकत बसली. ओरडले तर तीच रडायला लागली. शेजारच्या येसूबाई कुणा बाळंतिणीचं दूध वाटीत घेऊन आल्या. “दोन थेंब घाल गो डोळ्यांत, वाईच थंड वाटंल.”

“येसूबाई, ते तिच्या पोराला पाजा.”

रुसून गेल्या, आणि संध्याकाळी मध घेऊन परत हजर! आमचे हे तर बंदरावरच्या कचेरीतून आले की रोज विचारत, “काय, दिसतंय का?” पट्टीतून काय दिसणार, कपाळ!

सगळ्यांवर खेकसत मी ते टाके जपले. विमला मात्र गप्प होती. सासरी जायचं म्हणून असेल, असं मी धरून चालले.

नवव्या दिवशी तिच्याबरोबर इस्पितळात जाऊन पट्टी सोडवून आले. घरी येताच तिने मला दारात बसवलं आणि पापण्या निरखून पाहिल्या. एकदा झालं, दोनदा झालं, तरी सोडीना. एकही केस आत नव्हता.

“आता जा सुखाने,” मी म्हटलं, आणि तिच्याकडे पाहिलं. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“काय झालं गो?”

“आये, तो मला बघायला आलेला, तेव्हा तुला काय दिसला?”

“पागोटं दिसलं. हे म्हणाले, पस्तिशीचा आहे.”

“आबांच्या वयाचा हाय. मिशांना कलप लावतो. तुला दिसला नाय, आणि आबा बोलले नाय.”

“मग मला सांगायचं नाहीस, मेले?”

“तुझे डोळे होते ना. वाटलं, तेवढ्यावर टळंल.”

असा संताप आला! ह्यांचा, त्या कलपवाल्याचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. पोर ज्या एका निमित्ताच्या आड लपली होती, तेच मी हौसेने कापून आले होते.

तेवढ्यात अंगणातून ह्यांची हाक आली, “अगो, मंडळी आली. चहा टाका!”

“विमले, पट्टी आण.”

“आये, पण...”

“आण म्हणते ना! आणि बाहेर सांग, आईचे टाके सुटले. तिला टाकून मी कुठे जायची नाय.”

ती पट्टी आणायला धावली. मी खिडकीशी गेले. गाडीतून तो कलपवालाच आधी उतरत होता, एका हाताने गुडघा धरून. मी त्याला डोकीपासून पायांपर्यंत नीट पाहून घेतलं, आणि मग डोळे बांधायला बसले.