आतल्या बाजूची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराला असते ती. वीतभर लोखंडी दांडा, तो सरकायला दोन पट्ट्या, धरायला एक मूठ आणि समोर चौकटीवर माझा जोडीदार कोयंडा, एवढाच माझा संसार. आपली हकीकत सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा गोड बोलतात. आम्ही तुमची किती सेवा केली, आता आम्हाला विसरू नका, वगैरे. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो बरीच वर्षं आलेला आहे. तेल घातल्याने गंज जातो, राग जात नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. माझ्यासारख्या चारशे जणी एका दिवसात बाहेर पडायच्या. कडी जन्मते तेव्हा ती आतली की बाहेरची हे ठरलेलं नसतं. ते ठरवतो स्क्रू पिळणारा, आणि त्याहून जास्त त्याला पिळायला सांगणारा. मला विकत घेणारा माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला होता. बोलायला मऊ, कपडे स्वच्छ, जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाची विचारपूस करणारा. त्याने सुताराला सांगितलं, "बाहेरून लाव. आतली काढून टाक."

झालं. त्या दिवसापासून मी बाहेरची झाले. सकाळी साडेनऊला तो निघायचा, मला कोयंड्यात सरकवायचा, एकदा ओढून बघायचा आणि शीळ घालत जिना उतरायचा. आत त्याची बायको असायची. शेजारीपाजारी म्हणायचे, "काय जपतो हो बायकोला. दार उघडं टाकून म्हणून जात नाही." माझंही कौतुक व्हायचं. काय मजबूत कडी आहे, अशा कड्या हल्ली मिळत नाहीत. दर महिन्याला तो मला तेल पाजायचा. माझी एवढी काळजी त्यानंतर कुणी घेतली नाही, आणि त्या काळजीची मला अजून शिसारी येते.

एका दुपारी आतून थाप पडली. मग दुसरी. बाईच्या हाताला कापलं होतं, काच लागली होती, आणि रक्त थांबत नव्हतं. ती हे ओरडून सांगत होती, स्पष्ट शब्दांत. मजल्यावरची माणसं गोळा झाली. पाच जण होते, मी मोजले. एकजण म्हणाला, "त्यांना दुकानात फोन करू या का?" दुसरी म्हणाली, "त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला मध्ये पडा?" तिसरा माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे, मित्रांनो, मला कुलूपसुद्धा नव्हतं. मी नुसती सरकवलेली होते. एका बोटाचं काम होतं.

पाचही जण फोन लागण्याची वाट बघत उभे राहिले. तो आला दिवे लागायच्या वेळेला. त्याने मला काढलं, आत गेला आणि दार लावून घेतलं. सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते घर रिकामं झालं, पुढे ती इमारतच पाडली आणि दारं भंगारात गेली. त्या बाईचं काय झालं ते मला माहीत नाही. हे वाक्य मी कितीदा मनात म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

भंगारवाल्याकडे मी गंजत पडले. तिथून मला एका म्हाताऱ्या सुताराने उचललं. सुतारकाका तेव्हा तीन मजली जुन्या इमारतीत दारं बसवत होते. संकटातून बाहेर पडलेल्या बायकांना पुन्हा उभं राहायला म्हणून एका संस्थेने तिथे बारा खोल्या काढल्या होत्या. प्रत्येकीला एक खोली, दोन वर्षांसाठी. स्वयंपाकघर सामाईक, पाळीपाळीने. मंगळवारी मनातलं बोलायला एक ताई यायच्या, आणि बाकीचे सहा दिवस सगळं बघायला थोरली होती. थोरली म्हणजे तिथली व्यवस्थापक. वय फार नव्हतं, पण आवाज असा की उतू जाणारं दूधसुद्धा खाली बसावं.

काकांनी मला चार नंबरच्या दारावर धरलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला?"

थोरली म्हणाली, "आतल्या. सगळ्या आतल्या. बाहेरून काही नको."

काकांनी चार स्क्रू पिळले. मी आयुष्यात पहिल्यांदा खोलीच्या आत आले.

चार नंबरमध्ये आली ती इस्पितळाच्या लाँड्रीत नव्याने कामाला लागलेली एक बाई. चादरींना इस्त्री करायचं काम, म्हणून बाकीच्या तिला चादरवाली म्हणू लागल्या. तिच्या नवऱ्यानेही तिला बाहेरून कडी घालून अकरा वर्षं घरात ठेवलं होतं. नऊ वर्षांची मुलगी होती, तिला तिने मामाकडे ठेवलं होतं. थोरलीने खोली दाखवली, माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही कडी तुझी," आणि गेली.

पहिल्या सकाळी चादरवाली सहाला उठली. आठची पाळी होती. सातपर्यंत तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन, ती कॉटवर दाराकडे तोंड करून बसली. आठ वाजले. नऊ वाजले. ती बसलेलीच. मला वाटलं, हिला बरं नाही. साडेदहाला थोरलीने टकटक केलं.

"अगं, कामावर नाही गेलीस?"

"दार," चादरवाली म्हणाली.

"दाराचं काय?"

"कुणी उघडलं नाही."

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने मला हातसुद्धा लावला नव्हता. थोरलीने बाहेरून बोटाने ढकललं आणि ते उघडलं. एरवी कशालाही हसणारी थोरली तेव्हा हसली नाही. तिने चादरवालीचा हात धरून माझ्या मुठीवर ठेवला. "लाव," म्हणाली. तिने लावली. "काढ." काढली. "पुन्हा लाव." असं दहा वेळा झालं. मग लाँड्रीत फोन करून थोरलीने कायबाय थाप मारली आणि तिला रिक्षात बसवून दिलं.

मित्रांनो, त्यानंतरचे सहा महिने माझे सुखाचे. चादरवाली कामावरून आली की मला लावायची, हातपाय धुवायची, आणि मग मला काढून स्वयंपाकघरात जायची. लावायची गरज नसायची. पण लावणं आणि काढणं तिच्या हातात होतं, त्याची गोडी तिला लागली होती. इस्त्रीच्या वाफेने तिची बोटं नेहमी गरम असायची.

मुलीला आणायचं ठरलं. पुढच्या रविवारी मामा तिला पोचवणार होता. फोनवर पोरीने शाळा विचारली नाही, खेळायला कुणी आहे का तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आई, तिथल्या दाराला आतून कडी आहे ना? नसेल तर मी नाही येणार."

"आहे," चादरवाली म्हणाली. "आतून आहे. तूच लावायची."

आणि त्याच आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांना अक्कल सुचली.

झालं होतं असं. सात नंबरची बाई तापाने फणफणली होती. थोरलीने तीन दिवस डॉक्टर पाठवा, डॉक्टर पाठवा म्हणून फोन केले. तिकडून उद्या, परवा. चौथ्या दिवशी बाई आत चक्कर येऊन पडली आणि काकांना बोलावून दार फोडावं लागलं. बाई वाचली. आता तुम्हीच सांगा, यात चूक कुणाची? डॉक्टरची? फोन न उचलणाऱ्याची? छे. समितीने ठरवलं, चूक कडीची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हुकूम आला की सगळ्या कड्या आतून काढून बाहेर लावाव्यात. म्हणजे कुणी आत कोंडून घेणार नाही, आणि रात्री पहारेकऱ्याने बाहेरून लावल्या की बायका सुरक्षित. नव्या कड्यांची गरज नाही, त्याच वापराव्यात.

त्याच. म्हणजे मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक.

थोरली भांडली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलता. आम्ही त्यांच्या भल्याचंच बघतोय." शुक्रवारी दुपारी ते स्वतः आले, काकांना घेऊन. सुरुवात चार नंबरपासून. काकांनी मान खाली घालून माझे स्क्रू काढले. बाहेर चार नवी भोकं पाडली. मला पुन्हा बाहेर बसवलं. मी गच्च डोळे मिटले असते, तेही नाहीत मला.

तेवढ्यात चादरवाली पाळी संपवून आली. अध्यक्ष तिच्या खोलीत खिडकीपाशी उभे राहून गज मोजत होते. ती दाराशी थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"काका, झालं का लावून?"

"झालं, पोरी."

"नीट सरकते?"

"बघ की."

तिने दार ओढून घेतलं आणि मला सरकवलं.

बाहेर थोरली होती, काका होते, आणि गलबला ऐकून आलेल्या पाच-सहा जणी. काकांनी पेचकस खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला.

आतून आधी हसल्याचा आवाज आला. "अहो, दार लागलं वाटतं." मग, "कोण आहे तिकडे?" मग, "मला साडेतीनला बैठक आहे."

"आहोत, साहेब," चादरवाली म्हणाली. "सगळ्या इथेच आहोत. तुमच्या भल्याचंच बघतोय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचा राग माझ्या दांड्यात होता आणि मी कोयंड्याला घट्ट धरून बसले. बस म्हटलं आत. ज्याचं जळतं त्याला कळतं, आता तुझं जळू दे.

मग आतून थाप पडली. तळहाताची, जोरात. लगेच दुसरी. "उघडा. मला गुदमरायला होतंय. उघडा."

मित्रांनो, तळहात दारावर आपटतो तेव्हा तो कुणाचा आहे हे लोखंडाला कळत नाही. ती थाप मी ओळखली. चष्मेवाल्याच्या घरची ती दुपार जशीच्या तशी माझ्या अंगावर आली आणि माझा सगळा आनंद विटला. चादरवालीनेही ओळखली. चौथी थाप पडायच्या आत तिने हात पुढे केला आणि मला काढलं. एकाच बोटाने.

अध्यक्ष घामाघूम होऊन बाहेर आले. त्यांना काही बोलायचं होतं, पण ती आधी बोलली. आवाज चढवला नाही.

"साहेब, तीन थापा ऐकून मला राहवलं नाही. तुम्ही मला कुणी लागत नाही, तरी राहवलं नाही. माझ्या नवऱ्याने अकरा वर्षं कसं ऐकलं हो? आणि तुम्ही पहारेकऱ्याला रोज रात्री ऐकायला बसवणार?"

अध्यक्षांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि जिना उतरून गेले. बैठकीला उशीर झाला असणार.

काकांनी कुणाला विचारलं नाही. कप ठेवला, माझे स्क्रू काढले आणि मला परत आत आणलं. जुनी भोकं सैल झाली होती, म्हणून त्यांनी आगपेटीच्या काड्या मोडून भोकांत ठोकल्या आणि वर स्क्रू पिळले. "आता हलणार नाही," म्हणाले.

समितीचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. कड्या आहेत तिथेच राहतील, आणि डॉक्टरला थोरली थेट फोन करू शकेल. त्याच पाकिटात दुसरा कागद होता, चादरवालीला गैरवर्तनाबद्दल सक्त ताकीद. माफी मागितली त्यांनी? नाव नको. ज्यांनी तीन दिवस डॉक्टर पाठवला नाही त्यांना ताकीद देणारं पत्र मी अजून पाहिलेलं नाही. तिने तो कागद कपाटात चादरींच्या खाली घातला आणि कामाला गेली.

पण त्याआधी तो रविवार येऊन गेला होता. मामा पोरीला सोडून गेला. ती आत आली, पण चपला काढल्या नाहीत. सरळ माझ्याकडे आली, टाचा उंचावून मला लावलं, काढलं, लावलं. दार ओढून बघितलं. मग कान लावून थोडा वेळ उभी राहिली. बाहेर टकटक झाली.

"कोण?" पोरीने विचारलं.

"मी थोरली. येऊ का आत? नाही म्हणालीस तर नंतर येते."

पोरीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? कडी तुझ्या हातात आहे." पोरीने थोडा विचार केला. मग मला काढलं, आणि तेव्हा कुठे चपला काढल्या.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, हिला तेल घाला, हिची निगा राखा, हेच ही सांगणार. तेल नको मला. बंद दारावर टकटक करा आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा, एवढं शिका. आणि कधी एखाद्या दाराला बाहेरून कडी दिसली आणि आतून थाप ऐकू आली, तर फोन कुणाला करायचा, घर कुणाचं, आपण मध्ये पडावं का, असली चर्चा करत उभे राहू नका. त्या पाच जणांनी ती केली. ती बाई कुठे आहे हे मला आजही माहीत नाही. पुढे व्हा आणि कडी काढा. एका बोटाचं काम आहे.