दुधाबरोबरची गोळी

"गोळी गरम पडते, दुधाबरोबर घे," म्हणत म्हातारीने पेला मुलाच्या हातात कोंबला. स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेली कॅल्शियमची गोळीही तिने त्यात कुटून ढवळली होती. लाकूड तासताना पटाशी सटकून मुलाच्या डाव्या अंगठ्यात हाडापर्यंत गेली होती; जखम पिकू नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. हाडाला कॅल्शियम लागतं, एवढं तिला शाळेत न जाताही कळत होतं.

सून दारातून म्हणाली, "आई, औषधवाला म्हणाला होता, ही दुधाबरोबर द्यायची नाही."

"औषधवाल्याने किती पोरं वाढवली? मी चार वाढवली, दुधावरच."

"पितो गं," मुलगा हसला. "तुम्ही दोघी भांडू नका, अंगठा माझा आहे."

सुतार माणूस. अंगठा गेला तर पटाशी धरणार कशी, हे घरात कुणी बोललं नाही. म्हातारी सकाळ-संध्याकाळ पेला घेऊन उभी राहायची, आणि सुनेने तोंड उघडलं की थेट तिच्या माहेरच्या स्वयंपाकापर्यंत जाऊन पोचायची. सून गप्प बसायला शिकली. अंगठा मात्र गप्प बसेना. सुजला, काळा पडला, पू धरू लागला.

डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं. "गोळ्या वेळेवर घेतल्या?"

"एक चुकवली नाही," म्हातारी ताठ मानेने म्हणाली. "मी स्वतः देते. दुधात कॅल्शियम घालून."

डॉक्टरांचा हात थांबला. "दूध नि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, आजी. औषध रक्तात फारसं पोचतच नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "जखमही खोल होती म्हणा. आणखी कारणं असतील."

"असतील. पण पेला मी दिला."

सून भिंतीकडे बघत राहिली. 'मी सांगितलं होतं' असं ती तेव्हाही म्हणाली नाही, नंतरही नाही. म्हातारीला तेच जास्त लागलं.

अंगठा पेऱ्यातून काढावा लागला.

घरी आल्यावर मुलगा एका हाताने शर्टाचं बटण लावू बघत होता. गोळ्या अजून चालू होत्या. सुनेने त्याला पाण्याबरोबर एक दिली. म्हातारी ओट्याशी उभी होती. या स्वयंपाकघरात तिने कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायचं ते इतरांनी.

"सूनबाई," ती म्हणाली, "दूध आता देऊ का?"

"दोन तासांनी द्या, आई."

म्हातारीने दुधावर झाकण ठेवलं आणि घड्याळ दिसेल अशा बेताने खुर्ची वळवून बसली.