माझ्या ओठाला डसलेला विंचू

कोणी मानणार नाही, पण सौंदडच्या फलाटावर माझ्या ओठाला विंचू डसला आणि मला काही झालं नाही. विंचूच सुन्न होऊन पडला. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती सत्तावन्न साली, गोंदियात, दाताच्या डॉक्टरच्या खोलीत. ऐकणारी होती माझी पंधरा वर्षांची नात, फुलवंता. तिला मधे बोलायची सोय नव्हती, कारण तिच्या तोंडात कापसाचे बोळे होते.

झालं असं. धान कांडताना मुसळ उसळून तिच्या वरच्या समोरच्या दातावर बसलं. दात पडला नाही. दोन महिन्यांत मात्र तो काळसर झाला, हिरडीला गळू आलं आणि पोरगी गप्प झाली. रडणं नाही, धड जेवण नाही. भिंतीला गाल लावून बसायची. विचारलं तर म्हणायची, "काही वाटतच नाही, आजा."

तिची आई, माझी लेक रुख्मा, म्हणाली, "बजारात पक्कडवाला बसते. दोन मिनिटांत उपटून देते. कायले जाता गोंद्याले?"

"समोरचा दात आहे तो," मी म्हणालो. "पोरगी जनमभर तोंड झाकून हासन का?" एवढं बोलून मी गमछा तोंडावर धरला. ती आपली माझी जुनी सवय.

गोंदियाला नेणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीत तिचं ठणकणं मला पाहवेना. मी अक्कलकाऱ्याची मुळी तिला चघळायला दिली. आमच्याकडे दात दुखला की हेच. तिथंच घोटाळा झाला. शेजारचा दातही गेलाय का, ते पाहायला डॉक्टर लोखंडी काडीनं एकेक दात ठोकून विचारत होते, "इसमें दर्द? इसमें?" फुलवंता दर दाताला नाही म्हणे. मुळीनं सगळं तोंडच मुकं करून टाकलेलं.

"बाबा," डॉक्टर मला म्हणाले, "सुन्न करना मेरा काम है. दुखेगा नहीं तो पता कैसे चलेगा?"

मग तासभर आम्ही बाहेरच्या बाकावर दुखणं परत यायची वाट पाहत बसलो. मी कंपाउंडरशी गप्पा मारल्या, चहात भिजवून लाह्या खाल्ल्या. फुलवंता समोरच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी ठणका आला. एकच दात गेला होता.

"बचा लूँगा," डॉक्टर म्हणाले. "पर हिली, तो सुई अंदर टूटेगी. फिर निकालना ही पड़ेगा."

इंजेक्शन टोचलं तेव्हा तिनं नुसता डोळा मिटला. पण डॉक्टरनं शिंप्याच्या मशीनसारखं पायानं चालवायचं यंत्र सुरू केलं, घरघर दाताला लागली, आणि तिचे पाय उठायला लागले.

मी खुर्चीला टेकलो. "फुलवंता, हाच इलाज माया बी झाला. याच दाताचा! आता डाक्टर दाताले मागून भोक पाडून राहिला. दुखत नाही, डोक्यात गिरणी चालल्यावानी वाटते. मंग बारीक सुया घालून आतली सडकी शीर काढते, औषध भरते. आठ दिवसांनी परत यायचं, मंग आखीन एकदा, तवा पक्कं बुजवते. एक-दोन दिवस चावतानी ठसठसते. आन् ओठ सुन्न आहे तवर खायाचं नाही, नाही तं आपलाच ओठ चावशील."

तिचा एक पाय अजून हलत होता.

"माया ओठ तं सांजवर सुन्नच. तसाच सौंदडले उतरलो, फलाटावर आडवा झालो. विंचू आला, ओठाले डसला. मले पत्ता नाही! आन् विंचू सुन्न. नांगी वर ते वरच. इस्टेशन मास्तरनं त्याले पायानं ढकललं, तं मास्तरचा पाय सुन्न. मंग कंबर. मंग हात. हिरवी झेंडी उचलेनाच! गाडी पाऊण तास उभी."

"फिर?" डॉक्टरनं विचारलं.

"मंग काय! गार्ड त्याचा हात उचलाले गेला, तं गार्ड बी सुन्न."

फुलवंता माझ्याकडे टक लावून बघत होती. पाय थांबले होते. मधेच ती "आं, आं" करून बोट माझ्या तोंडाकडे दाखवू लागली.

"हिलो मत, बेटी."

ती हलली नाही. सुया आत गेल्या, बाहेर आल्या. खोलीत लवंगेच्या तेलाचा वास पसरला.

"बच गया दाँत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कापूस काढला.

मीही तोंडावरचा गमछा सावरत गोष्ट आवरती घेतली. "तवापासून माया दात तसाच आहे. आज बी चणे फोडते."

फुलवंता उठून बसली. ओठ लुळा पडलेला, हनुवटीवर लाळ. पण दोन महिन्यांत ती एवढं पहिल्यांदाच बोलली.

"खोटं, आजा! काढ तो गमछा! तुया तोंडात समोरचा एक बी दात नाही, सारे पक्कडवाल्यानं उपटले!"